पट्टी सेव्ह व्हायला एवढा वेळ का लागतोय? डेटाबेससाठी कुठलं हार्डवेअर घ्यायचं आणि कधी नाही

जानेवारी-फेब्रुवारी आला, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की माझा फोन गरम होतो. अडत दुकानातले दिवाणजी फोन करतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब, सेव्ह करताना मशीन नुसतं गोल गोल फिरतंय, शेतकरी समोर उभा आहे, मागं लाइन लागलीय, काहीतरी भारीतला सर्व्हर बघा. मालकाची पण तयारी असते, हंगामात पैशाला कोण नाही म्हणत नाही. आणि इथंच पैसे वाया जातात, कारण दुकानदार ज्याला भारी म्हणतो ते वेगळं आणि डेटाबेसला जे लागतं ते वेगळं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. पतसंस्था, कोल्ड स्टोरेज, बेदाण्याचं दुकान, कारखान्याचा काटा, कुठंही हेच लागू होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. डेटाबेस आपल्या जुन्या कीर्द-खतावणीसारखाच चालतो. पट्टी झाली की दिवाणजी आधी कीर्दीत एका ओळीत नोंद मारतो आणि मग निवांत बसून ज्याच्या त्याच्या खात्यात खतवतो. डेटाबेसची कीर्द म्हणजे लॉग फाइल, खतावणी म्हणजे डेटा फाइल. तुम्ही सेव्ह दाबलं की डेटाबेस लॉगमधे नोंद लिहितो आणि डिस्कला विचारतो, बाई खरंच लिहिलंस ना, लाइट गेली तरी राहील ना? डिस्क हो म्हणेपर्यंत तो थांबतो. या विचारण्याला एफसिंक म्हणतात. खतावणीचं काम नंतर मागं चालू राहतं, त्यासाठी गिऱ्हाईक थांबत नाही. गिऱ्हाईक थांबतं ते कीर्दीसाठी. दुकानात जो गोल चक्राचा त्रास आहे तो बहुतेक वेळा याच एका प्रश्नोत्तरात अडकलेला असतो आणि एसएसडीच्या खोक्यावर जो ७००० एमबी प्रति सेकंद वगैरे आकडा छापलेला असतो त्याचा याच्याशी काडीचा संबंध नसतो.

आता गणित बघा. जुनी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते म्हणजे सेकंदाला १२०, एक फेरी साधारण ८.३ मिलीसेकंदांची. लॉगमधे एकामागं एक खऱ्या नोंदी लिहायच्या तर पुढची जागा हेडखाली येईपर्यंत एक फेरी जाते, म्हणजे एका क्लायंटला सेकंदाला जास्तीत जास्त १२० कमिट, म्हणजे पक्क्या झालेल्या नोंदी, मिळणार, देवाला नवस बोललात तरी १२१ नाही. एका शेतकऱ्याचे ४० लॉट आहेत, प्रत्येक लॉटला वजन, दर, हमाली, तोलाई, स्टॉक अशा पाच ठिकाणी नोंद जाते आणि प्रोग्रॅमरनं प्रत्येक नोंद वेगवेगळी कमिट केलीय. झाले २०० कमिट. म्हणजे काहीही बाकी काम न धरता पावणेदोन सेकंद नुसते चकती फिरायची वाट बघण्यात गेले, आणि असे सहा दिवाणजी एकदम बसलेत, त्यात त्याच डिस्कवर रिपोर्ट चाललाय, अँटिव्हायरस चाललाय. मग मशीन हँग झाल्यासारखं वाटणारच की लगा.

म्हणून पहिलं काम फुकटचं. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि सांगा, एका पट्टीच्या सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमधे, म्हणजे एका गठ्ठ्यात, घाल. २०० कमिटचा एक कमिट होतो. हे तो करणार नाही म्हणाला तर भांडा, वर्षाच्या देखभालीची एएमसी कशाची घेतो. दुसरं फुकटचं म्हणजे इंडेक्स, पुस्तकाच्या मागं असते तशी शोधायची सूची. लॉट नंबर टाकून शोधलं की प्रोग्रॅम पूर्ण वर्षाचं टेबल वरून खाली वाचत असेल तर नासाचा कॉम्प्युटर आणून ठेवला तरी पुढच्या हंगामात परत तेच रडगाणं. या दोन गोष्टी झाल्याशिवाय एक रुपया पण हार्डवेअरला घालू नका. खरं सांगायचं तर निम्मी दुकानं इथंच सुटतात आणि माझं बिल होत नाही, पण ठीकाय.

त्यानंतर मोजायचं. अंदाजानं नाही, मोजायचं. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर असेल तर त्यात वेट स्टॅटिस्टिक्स नावाचा हिशोब तो स्वतःच ठेवत असतो, कशासाठी किती वेळ थांबलो याचा. हा हिशोब सर्व्हिस चालू झाल्यापासूनचा एकत्र असतो, म्हणून सौदे चालू असताना सकाळी एकदा आणि तासाभरानं एकदा असा दोनदा काढायचा आणि वजाबाकी करायची. राइटलॉग नावाचा वेट वर असेल तर कीर्द अडकलीय, म्हणजे लॉगची डिस्क हळू आहे. पेजआयओलॅच वर असेल तर डेटा डिस्कवरून वाचायला लागतोय, म्हणजे रॅम कमी किंवा इंडेक्स नाही. दोन्ही नसेल आणि सीपीयू शंभरला टेकलेला असेल तर डिस्क बदलून काहीच होणार नाही. पोस्टग्रेसमधे हेच वेट इव्हेंटमधे दिसतं, नावात वॉल आणि सिंक असं काहीतरी असेल तर परत कीर्दच. मायएसक्यूएलवाल्यांनी स्लो क्वेरी लॉग चालू करून बघा. लिनक्सवर आयओस्टॅट लांब आउटपुटनं चालवलं की राइट अवेट दिसतो, तो मिलीसेकंदात असतो. युटिलायझेशन टक्केवारीवर मात्र जाऊ नका, एनव्हीएमई ड्राइव्ह (नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) एका वेळी खूप कामं अंगावर घेतो त्यामुळं १०० टक्के दिसलं म्हणजे तो दमला असं होत नाही.

मग डिस्कची परीक्षा. पोस्टग्रेसबरोबर पीजी टेस्ट एफसिंक नावाचं छोटं टूल येतं, चालवलं की सेकंदाला किती एफसिंक होतात ते तोंडावर फेकतं. लिनक्सवर एफआयओ आहे, त्यात ८ केबीचा ब्लॉक, एक जॉब, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच काम) आणि प्रत्येक राइटनंतर एफडेटासिंक असं लावून मिनिट-दोन मिनिटं चालवा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं डिस्कस्पीड आहे, त्यात पण तसंच, आणि कॅशिंग बंद करायचा स्विच न विसरता. एक जीवावरची सूचना, ही टेस्ट फाइलवर चालवायची, सरळ ड्राइव्हचं नाव देऊन नाही. ड्राइव्हचं नाव दिलं की टेस्ट त्याच्यावर बेधडक लिहीत सुटते आणि मागच्या दहा वर्षांच्या पट्ट्या कृष्णार्पण.

आकडे कसे वाचायचे? हार्ड डिस्क असेल तर शंभरच्या आसपास. हार्ड डिस्क असून पाच हजार आले तर खूश होऊ नका, ती खोटं बोलतेय. कुठंतरी राइट कॅश चालू आहे आणि लिहिलं नसतानाच ती हो म्हणतेय. विंडोजमधे डिस्कच्या प्रॉपर्टीत राइट कॅशचं बफर फ्लश बंद करायचा एक चेकबॉक्स असतो, कुणीतरी हौशी माणूस स्पीड वाढवायला तो टिक करून गेलेला असतो. काढून टाका. साधी घरगुती एसएसडी, जुन्या जोडणीची सॅटा असो नाहीतर एनव्हीएमई, बऱ्याचदा काहीशे ते दोनेक हजार देते. आणि सर्व्हरसाठीची, पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली एसएसडी दहा हजारांच्या पुढं जाते. बघा फरक. दोघींच्या खोक्यावरचा स्पीड कधी कधी सेम असतो बरं का.

या पॉवर लॉस प्रोटेक्शनबद्दल, थोडक्यात पीएलपीबद्दल, जरा निवांत सांगतो कारण या सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच आहे. एसएसडीच्या आत स्वतःची छोटी रॅम असते. आलेला डेटा आधी तिथं पडतो, मग चिपवर जातो, आणि फ्लॅश चिपवर लिहिणं हे तसं सावकाश काम आहे. घरगुती ड्राइव्हला डेटाबेसनं विचारलं खरंच लिहिलंस का, तर ती प्रामाणिक असेल तर चिपवर जाईपर्यंत थांबवणार. सर्व्हरच्या ड्राइव्हवर कपॅसिटरची ओळ बसवलेली असते, सोलून बघितलं तर पिवळे-काळे ठोकळे दिसतात. लाइट गेली तर त्या कपॅसिटरमधल्या चार्जवर ड्राइव्ह आपल्या रॅममधलं सगळं चिपवर उतरवून मगच झोपते. त्यामुळं ती रॅममधे आल्याआल्या छातीठोक हो म्हणू शकते आणि ते हो खरं असतं. म्हणजे सेफ्टीसाठी बसवलेल्या पार्टनंच स्पीड दिला. विकणारा हे सांगत नाही, त्याला पण माहीत नसतं, तो हीटसिंकवरच्या लायटिंगचं कौतुक सांगत बसतो.

एका अडत दुकानात मी पोचायच्या आधीच मालकांच्या भाच्यानं ऑनलाइन बघून २ टीबीची एनव्हीएमई मागवून बसवली होती. फाइल कॉपी करून दाखवली, सुसाट. पट्टी सेव्ह? आधीपेक्षा बरी पण सौदे भरात आले की परत तेच. त्यात ती क्यूएलसी होती. क्यूएलसीत एका सेलमधे चार बिट कोंबतात, स्वस्त पडते, आणि लिहायला हळू म्हणून पुढं एक वेगवान कॅशचा भाग ठेवतात. तो भाग भरला की गाडी कर्नाळ रोडच्या खड्ड्यात. दुपारी बॅकअप त्याच ड्राइव्हवर चालू व्हायचा, कॅश भरायची आणि सगळं दुकान थांबायचं. त्यात एकदा लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, आणि डेटाबेस करप्ट. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, त्या दिवसाच्या पट्ट्या कागदावरून परत मारल्या सगळ्यांनी बसून, रात्री अकरापर्यंत, भडंग खात. मग तिथं ४८० जीबीची पीएलपीवाली सॅटा एसएसडी लावली, खोक्यावरचा स्पीड त्या एनव्हीएमईच्या पाव पण नाही, आणि पट्टी बटण दाबलं की सेव्ह. भाचा अजून मानत नाही.

घ्यायची तर नावं सांगतो. सॅटाचा कप्पा असलेला जुना सर्व्हर किंवा साधा डेस्कटॉप असेल तर किंगस्टनची डीसी६००एम, हिच्यात कपॅसिटर आहेत. एम डॉट टू स्लॉट असेल तर मायक्रॉनची ७४५० प्रो, हिची छोटी ४८० आणि ९६० जीबीची मॉडेलं २२८० लांबीत येतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोर्डात बसतात. सॅमसंगची पीएम९ए३ पण मस्त आहे पण तिचं एम डॉट टू मॉडेल २२११० लांबीचं, ११० मिलिमीटर, डेस्कटॉपच्या बऱ्याच बोर्डात स्क्रूचं भोकच तेवढ्या लांब नसतं, आधी फूटपट्टी लावून मोजा. दुसरी गंमत म्हणजे एम डॉट टू हा नुसता आकार आहे, त्यात सॅटावाली पण येते आणि एनव्हीएमई पण, बोर्डाच्या मॅन्युअलमधे स्लॉट कुठलं घेतो ते बघूनच ऑर्डर करा. पॉवर लॉस प्रोटेक्शन लिहिलंय का हे कंपनीच्या वेबसाइटवरच्या डेटाशीटमधे बघायचं, सेलरच्या वर्णनात नाही. काही घरगुती ड्राइव्हवर पॉवर लॉस इम्युनिटी वगैरे मिळताजुळता शब्द असतो, त्यात फक्त आधी चिपवर लिहिलेलं बिघडणार नाही एवढीच हमी असते, रॅममधल्याची नाही.

सॅटा की एनव्हीएमई? सॅटाची लाइन ६ गीगाबिटची, प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपास, आणि एकच क्यू, त्यात ३२ कामं मावतात. एनव्हीएमईत स्टँडर्डप्रमाणं ६४ हजारांच्या आसपास क्यू आणि प्रत्येकात तेवढीच कामं. ऐकायला जबरदस्त आहे पण आठ-दहा दिवाणजींच्या दुकानाला ३२ची क्यू भरताना मी तरी बघितली नाही. पतसंस्थेच्या मेन शाखेला, जिथं पंधरा शाखांचं कलेक्शन संध्याकाळी एकदम येतं, तिथं एनव्हीएमईचा फरक दिसतो. मशीन नवीनच घ्यायचं असेल तर डोळे झाकून एनव्हीएमई, जुन्यात घालायची असेल तर सॅटाची लाज वाटून घेऊ नका.

टिकाऊपणाची फार काळजी करतात लोक. ४८० जीबीची ड्राइव्ह, रोज एकदा पूर्ण लिहिता येईल अशी पाच वर्षांची रेटिंग, म्हणजे ८७६ टीबी. तुमचं दुकान हंगामात रोज २० जीबी लिहितंय असं धरलं, आणि ते पण खूप झालं, तर वर्षाला ७.३ टीबी. तुम्ही रिटायर व्हाल, ड्राइव्ह नाही. म्हणून राइट इंटेन्सिव्ह लिहिलेली दुप्पट किमतीची घेऊ नका. फक्त ड्राइव्ह कोंबून भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा, आतली साफसफाई करायला तिला पण अंगण लागतं.

रॅमकडं येऊ. पेजआयओलॅचवाल्यांचं औषध हे. डेटाबेस ६ जीबीचा आहे आणि मशीनमधे ३२ जीबी रॅम आहे तर सगळी खतावणीच टेबलावर उघडी पडली, डिस्कवरून वाचायचं कामच संपलं. पण रॅम घालून सेटिंग न बदलणारे इतके भेटतात की काय सांगू. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल, म्हणजे रॅममधे डेटा ठेवायची जागा, मुळात १२८ एमबीचा असतो, पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स पण १२८ एमबी. सर्व्हरवर दुसरं काही चालत नसेल तर मायएसक्यूएलला रॅमच्या साठ-सत्तर टक्के द्या, पोस्टग्रेसला पाव हिस्सा द्या, बाकीचं तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून घेतो. आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेस, म्हणजे फुकटवाली एडिशन, तिचा बफर पूल १४१० एमबीच्या वर जातच नाही आणि डेटाबेस १० जीबीला थांबतो. ६४ जीबी रॅम टाकली तरी तुपाचा डबा कपाटात आणि भाकरी कोरडीच. तिथं एक तर स्टँडर्ड एडिशन घ्या नाहीतर जुनी वर्षं वेगळ्या डेटाबेसमधे हलवा. रॅम ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक पकडून सुधारणारी, मिळत असेल, बोर्ड घेत असेल, तर ईसीसीच घ्या, हिशोबाचं काम आहे.

जुन्या वर्षांवरून सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवतात. नदीकाठच्या मातीत खोल खड्डे, अरुंद तोंड, आत वर्षानुवर्षं हळद ठेवायची. पेव उघडलं म्हणून लगेच कुणी आत उतरत नाही, आतली हवा बाहेर जाऊ देतात, वेळ लागतो, पण माल रोज काढायचाच नसतो. स्टोरेजचं पण तेच करायचं. चालू वर्ष पीएलपी एसएसडीवर, पाच वर्षांपूर्वीच्या पट्ट्या, स्कॅन केलेले सातबारे, सीसीटीव्ही, हे सगळं मोठ्या स्वस्त हार्ड डिस्कवर. सगळंच एसएसडीवर ठेवायचा हट्ट म्हणजे पेवातली हळद काउंटरवर मांडून बसणं.

आता रेड कार्डवाल्यांसाठी. रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून चालवणं. ब्रँडेड सर्व्हर असेल तर त्यात बहुतेक रेड कंट्रोलर असतो आणि त्यावर कॅश आणि बॅटरी. ही पण पीएलपीचीच थोरली बहीण, कार्डवरच्या कॅशमधे आलं की हो म्हणायचं, लाइट गेली तर बॅटरी सांभाळते, नवीन कार्डात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश असतो. हार्ड डिस्का जुन्याच असल्या तरी या कॅशमुळं सर्व्हर पळतो. आणि एक दिवस अचानक, काहीही बदललेलं नसताना, सगळं बैलगाडी. सॉफ्टवेअरवाला म्हणतो हार्डवेअर, हार्डवेअरवाला म्हणतो व्हायरस. कंट्रोलरच्या स्क्रीनवर जाऊन बघा, बॅटरी मेलेली असते आणि कार्डानं स्वतःहून राइट बॅक (कॅशमधे आलं की हो म्हणणं) बंद करून राइट थ्रू (डिस्कवर गेल्यावरच हो म्हणणं) चालू केलेलं असतं. बॅटरी बदला, सुटलं. अशावेळी बॅटरी नसताना पण राइट बॅक जबरदस्तीनं चालू ठेवायचा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका.

रेड ५ डेटाबेसला देऊ नका. तिथं छोट्या एका राइटला जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क मेली तर डेटा परत काढायचा हिशोब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, अशी चार कामं होतात, रेड १० मधे डेटाच्या दोन प्रती ठेवतात म्हणून दोनच. त्यात चार डिस्कांतल्या दोनच वापरायला मिळतात म्हणून मालक कुरकुरतात, कुरकुरू देत. आणि मदरबोर्डवरचं रेड हे नावाला रेड, त्यावर ना कॅश ना बॅटरी. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणारे आपल्याकडं मोजके, त्यांना एवढंच, सिंक राइटसाठी वेगळा लॉग ड्राइव्ह लावायचा तर पीएलपीवालाच लावा आणि मोठा घेऊ नका, काही जीबी पुरतात कारण मूळ सेटिंगमधे पाचेक सेकंदांचाच माल तिथं साठतो. लॉगला वेगळी डिस्क द्यायची जुनी पद्धत हार्ड डिस्कच्या काळात फार कामाची होती, हेड एका जागी राहायचं. चांगल्या एसएसडीवर दोन्ही एकत्र ठेवले तरी चालतात.

आता ते खरं स्पेशल हार्डवेअर, जे वाचून कॉलेजची पोरं मला मेसेज करतात. सर, जीपीयू (ग्राफिक्स कार्डातला प्रोसेसर) लावला तर? यात मुद्दा एकच, डेटा प्रोसेसरपर्यंत वाहून न्यायला जास्त वेळ जातो की हिशोबाला. ढीगभर डेटा वरून खाली वाचायचा आणि त्यातून मूठभर उत्तर काढायचं असेल तर निवडण्याचं काम डिस्कजवळच उरकावं, अख्खा ट्रक पेठेत आणून निवडण्यापेक्षा शेतातच चाळून आणावं, असा तो विचार. नेटिझा कंपनीनं तेच केलं, डिस्कशेजारी एफपीजीए, म्हणजे हव्या त्या कामासाठी बदलून घेता येणारी, चिप ठेवली, नको त्या ओळी आणि कॉलम तिथंच गाळले, २०१० मधे आयबीएमनं ती कंपनी घेतली. ऑरॅकलचं एक्साडेटा २००८ मधे आलं, त्यातला स्मार्ट स्कॅन पण स्टोरेजच्या बाजूलाच चाळणी लावतो. सॅमसंगनं झायलिंक्सबरोबर स्मार्टएसएसडी काढली, ड्राइव्हच्याच पोटात एफपीजीए. स्केलफ्लक्सच्या ड्राइव्ह आतल्या आत डेटा कॉम्प्रेस करतात, डेटाबेसला पत्ताच नाही. इंटेलचं क्यूएटी कॉम्प्रेशन-एन्क्रिप्शनचं ओझं सीपीयूवरून उचलतं, एसक्यूएल सर्व्हर २०२२ बॅकअप कॉम्प्रेस करायला ते वापरू शकतो. जीपीयूसाठी पोस्टग्रेसला पीजी स्ट्रॉम आहे, हेवीडीबी आहे, कोट्यवधी ओळींच्या बेरजा करायला भन्नाट.

पण यातलं एकही पट्टी सेव्ह करायला उपयोगी नाही. पट्टी म्हणजे दहा-वीस ओळी लिहायच्या, त्या जीपीयूपर्यंत नेऊन आणण्यातच चहा होईल. दहा वर्षांचा राज्यभरातला भाव काढून ग्राफ मारायचा असेल, एखाद्या मोठ्या कंपनीचं कोट्यवधी बिलांचं विश्लेषण असेल तर हे बघा. पट्टीच्या कामाला खरोखर लागू पडणारी एक चीज होती, इंटेलची ऑप्टेन. २०१५ मधे इंटेल आणि मायक्रॉननं थ्रीडी क्रॉसपॉइंट मेमरी जाहीर केली, त्यावरच्या ड्राइव्ह एका क्यूवर, छोट्या राइटला इतक्या चटकन उत्तर द्यायच्या की डेटाबेसवाले प्रेमात पडले. २०२२ च्या जुलैमधे इंटेलनं धंदाच गुंडाळायला घेतला. जुन्या बाजारात मिळतात अजून, पण ऑप्टेन मेमरी नावाचे १६ आणि ३२ जीबीचे छोटे तुकडे स्वस्तात बघून घेऊ नका, ते हार्ड डिस्कला कॅश म्हणून काढले होते.

बाकी सटरफटर. बऱ्याच वेळा डेटाबेस स्लो म्हणजे नेटवर्क स्लो. फॉक्सप्रोत लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर शेअर फोल्डरवरून चालत असेल तर शोधायचं काम क्लायंटवर होतं आणि इंडेक्स, डेटा सगळा वायरीतून ओढला जातो. १०० एमबीपीएसचा स्विच म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी फक्त. गीगाबिटचा स्विच घाला. घातला आणि तरी १००च दाखवतोय? गीगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १००ला दोन पुरतात. एक वायर तुटली की कार्ड गुपचूप खाली उतरतं आणि सगळं चालू दिसतं, फक्त हळू. गोडाउनमधे ही वायर बहुतेक उंदरानं चावलेली असते. सर्व्हरचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. डेटाबेसचा फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळा. आणि धूळ. हळदीची पावडर फॅनवर बसली की पिवळा लेप होतो, आपल्याकडं एप्रिल-मेमधे चाळिशी गाठते, एनव्हीएमई सत्तर-ऐंशी डिग्रीला गेली की स्वतःला वाचवायला हळू होते. क्रिस्टलडिस्कइन्फोमधे तापमान दिसतं, दुपारी दोनला बघा, सकाळी आठला नाही.

बसवायची पद्धत थोडक्यात, पण यातलं काही गाळू नका. पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा, नुसती फाइल दिसते म्हणजे बॅकअप नव्हे. रविवारी, सौदे बंद असताना बसा. नवीन ड्राइव्ह आधी रिकामी असताना तीच एफसिंकची टेस्ट मारा, आकडा लिहून ठेवा, कमी आला तर ड्राइव्ह परत करायची हीच वेळ. एसक्यूएल सर्व्हरसाठी फॉरमॅट करताना अलोकेशन युनिट ६४ केबी घ्या. डेटाबेसची सर्व्हिस बंद करा, मग फाइली कॉपी करा, चालू असताना नाही. परवानग्या तपासा, सर्व्हिस चालू करा, स्टॅटिस्टिक्स अपडेट करा, दोन-चार खोट्या पट्ट्या मारून बघा आणि डिलीट करा. जुनी डिस्क पुसू नका, तारीख लिहून पंधरा दिवस कपाटात ठेवा.

यूपीएस राहिला. पीएलपी ड्राइव्ह फक्त आपल्या पोटातलं वाचवते, अर्धवट चाललेलं बाकी काम नाही, त्यामुळं यूपीएस लागतोच, आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून बॅटरी संपत आली की आपोआप शटडाउन लावा. ती वायर यूपीएसच्या खोक्यातच पडलेली असते सगळीकडं.

आणि सर्व्हर कुठं ठेवताय ते बघा. २००५ ला पाणी आलं, तेव्हा हरिपूरच्या पेवांत पण शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. पेठेतल्या दुकानांत तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेले सर्व्हर, कुठलाही कपॅसिटर त्यांना वाचवू शकला नसता. पहिल्या मजल्यावर ठेवा, रोजचा बॅकअप विश्रामबागला घरी किंवा मिरजेला पाहुण्यांकडं किंवा क्लाउडवर जाऊ दे. कागदावर एफसिंकचा आकडा, रेड बॅटरी बदलल्याची तारीख आणि यूपीएसची बॅटरी कधीची ते लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या जानेवारीत मला फोन केलात की ते वाचून दाखवता येईल. आणि त्या केबली जमिनीवरून उचलून पाइपमधे घाला, उंदरांचं काय सांगता येत नाही.